आजीची पायाची शिलाई मशीन बारा वर्षं पडून आहे, चाक फिरतच नाही. काय करावं?

आधी जोर लावणं थांबवा. बहुतेक वेळा गंज नसतोच, जुनं तेल वाळून डिंक झालेलं असतं. त्यात कुणी खोबरेल घातलं असेल तर विचारूच नका. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी चाक हलकेच मागेपुढे करा. सुईखालचं शटल (बॉबिन बसते तो भाग) काढून त्यामागे दोरा अडकलाय का बघा, निम्मी दुखणी तिथंच असतात. मशीन सुटली की रॉकेल पुसून शिलाई मशीनचंच तेल द्या. सोनेरी नक्षीला मात्र रॉकेल, थिनर काही लावू नका, ती उडते. चामड्याचा पट्टा सैल असेल तर अर्धा इंच कापून तारेच्या क्लिपने जोडा. खाली पायडलच्या सांध्यांनाही तेल हवं, ते सगळेच विसरतात.