काळ्या मातीतला बहावा आणि तीन फुटांचा खड्डा

आपण अंगणात लावलेला बहावा दुसऱ्या पावसाळ्यात पिवळा पडून वाळला, आणि खड्डा तर ‘नियमाप्रमाणे’ तीन फूट लांब-रुंद-खोल घेऊन त्यात वाळू व शेणखत भरले होते, असे आपण लिहिलेले वाचून मला माझेच जुने अंगण आठवले. इंदुरात राजेंद्रनगरच्या बाजूला आमचे घर आहे. याच रीतीने मी दोन बहावे गमावले. तिसरा आता गच्चीच्या वर गेला आहे. मी कृषितज्ज्ञ नाही, निवृत्त कारकून आहे, तेव्हा पुढचे सारे एका अंगणाचा अनुभव म्हणूनच वाचावे. ऊन किती हवे, गुरांपासून आडोसा कसा करावा हे आपण जाणताच, म्हणून ते सोडून देतो.

माझी चूक त्या खड्ड्यातच होती. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि फुगली की तिच्यातून पाणी फारच सावकाश झिरपते. अशा घट्ट मातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरले, की भोवतालच्या जमिनीवरचे पाणी त्या मोकळ्या जागेत उतरते आणि तिथेच साठून राहते. आपण रोपासाठी घर बांधतो आणि प्रत्यक्षात हौद तयार होतो. बहावा कोरड्या डोंगरउतारावर सुखाने वाढणारे झाड आहे, उन्हाळ्याचा ताण त्याला चालतो, पण मुळांशी तुंबलेले पाणी चालत नाही. मुळे गुदमरली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि पाने तहानेने माना टाकावीत तशीच माना टाकतात. माणूस फसतो तो इथे.

पहिले रोप मेल्यावर मी त्याची मुळे पिशवीत घालून, ज्या कार्यालयातून रोप व तीन फुटी खड्ड्याची रीत सांगणारे पत्रक मिळाले होते तिथे गेलो. काळी पडलेली, कुजका वास येणारी ती मुळे पाहिली असती तर कुणालाही उलगडा झाला असता. परंतु समोरच्या गृहस्थांनी पिशवीत डोकावण्याचीही तसदी न घेता तेच पत्रक पुन्हा हातात ठेवले आणि ‘पाणी कमी पडले असेल’ असा निकाल दिला. मी आज्ञाधारकपणे दुसऱ्या रोपाला भर श्रावणात, पाने मलूल दिसली की नळी लावून पाणी पाजत राहिलो. दीड वर्षात तेही गेले. पत्रक चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मुरमाड जमिनीत ती रीत चांगलीच असेल. पण जमीन कोणती, हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

तिसऱ्या वेळी खड्डा फक्त रोपाच्या पिशवीइतकाच खोल घेतला, मात्र रुंद घेतला, आणि त्यात निघालेलीच माती परत भरली. जागाही बदलली होती. आजूबाजूची माती ओढून सुमारे एक फूट उंच व चार-पाच फूट रुंद उंचवटा केला आणि रोप त्याच्या माथ्यावर लावले. उंचवटा पुढे बसतो, म्हणून सुरुवातीला जरा जास्तच उंच ठेवावा. खणण्याचे काम पहिल्या पावसानंतर वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, करावे. चिखलात खणले तर फावड्याने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि मे महिन्यात पहार आपटूनही ढेकूळ फुटत नाही.

रोप दीड-दोन फुटांचेच घ्यावे. पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या उंच रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते आणि ते पुढे सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे. इतरांना उंच रोपांचाही चांगला अनुभव असू शकेल. उन्हाळ्यात काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्या कोवळी मुळे तोडतात, म्हणून फाल्गुनापासून पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा, परंतु तो खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन वर्षे नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी पुरले. पावसाळ्यात पाणी देण्यापूर्वी मात्र बोट मातीत खुपसून पाहावे. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणीची घाई करू नये. त्या बहुधा पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात आणि झाड पुन्हा पालवते.

आपल्या जुन्या खड्ड्यात पुन्हा रोप लावू नये, अशी माझी विनंती आहे. त्यातले वाळूचे मिश्रण उपसून कुंड्यांना वापरावे, खड्डा अंगणातल्याच मातीने दाबून भरावा आणि एक पावसाळा बसू द्यावा. नवा उंचवटा तिथून निदान सहा-सात फूट दूर आणि घराच्या भिंतीपासून त्याहून लांब घ्यावा. आमच्या तिसऱ्या झाडाला फुलांचे पहिले झुंबर लागायला सहा वर्षे लागली, तेव्हा तोवर फुले दिसली नाहीत म्हणून खतांचा मारा करू नये.