सोलापूरच्या माळरानावर लांडग्यांच्या अभ्यासाला ट्रेन केलेली कुत्री वापरता येतील का?

येतील की, पण तुम्ही म्हणताय तसं नाही. तुमचं देशी कुत्रं लई हुशार आहे, नान्नजच्या (सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्याच्या) माळावर लांडग्याचा माग काढेल असं तुम्ही लिहिलंय, पण अहो लांडग्याच्या मागं कुत्रं सोडायचंच नसतं, ते शोधतं लांडग्याची शी! हसू नका, त्या शीच्या डीएनएवरनं नर की मादी, नेमका कुठला लांडगा, शिवाय त्यानं काय खाल्लं हे सगळं कळतं आणि जनावराला हातही लावावा लागत नाही. अमेरिकेत शास्त्रज्ञ सॅम्युएल वासर यांच्या टीमनं असंच काम केलं, त्यांचा टकर नावाचा काळा लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्रा तर बोटीवर उभा राहून समुद्रात तरंगणारी ऑर्काची (किलर व्हेलची) शी हुंगून काढायचा, आणि गंमत म्हणजे त्याला पाण्यात उतरायची भीती वाटायची. आपल्याकडे वनखात्याची कुत्री आहेत पण ती जास्त करून शिकारी आणि तस्करी पकडायला, वाघाची हाडं, कातडी वगैरे.

आता हुशारीचं. या कामाला हुशार नाही, बॉलसाठी वेडं झालेलं कुत्रं लागतं, कारण वास सापडला की बॉल मिळतो एवढंच त्याच्या डोक्यात असतं. जास्त हुशार कुत्रं मालकाच्या तोंडाकडं बघत बसतं आणि तुम्ही जिथं थबकाल तिथंच सापडलं म्हणून बसतं, मग सगळा डेटा बोंबलला.

त्यात आपलं ऊन. कुत्रं धापा टाकायला लागलं की हुंगणं कमी होतं, म्हणजे एप्रिलमध्ये उजाडल्यावर जे काय होईल तेवढंच, आणि पावसाळ्यानंतर कुसळं कानात, पंजात घुसतात ते वेगळंच.

खरी अडचण पुढंच आहे. कुत्र्यांकडनं डिस्टेंपर, पार्व्हो असले विषाणूचे आजार लांडग्याला आणि खोकडाला होऊ शकतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी तर मोकाट कुत्री फस्तच करतात. म्हणून लसीकरणाशिवाय आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कुत्रं न्यायचंच नाही.

अंदाजच घ्यायचा असेल तर आपल्याच शेतात बॉल उंच गवतात फेका. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी हटून शोधत राहिलं तर त्यात दम आहे, लगेच शेपूट हलवत परत आलं तर राखणीलाच बरं.