नऊ टन पाणी

*प्रिय ताई,*

*पाच महिन्यांपूर्वी आम्ही दोघांनी शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि गावाबाहेरच्या आमच्या जमिनीवर ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, आणून उभा केला. वीज सोलरची, पाणी दोनशे पावलांवरच्या शेजाऱ्यांच्या विहिरीचं, शौचालय लाकडाच्या भुशाचं. स्वप्न दोघांचंही होतं. नवरा खूश आहे, मी दमलेय. तो दिवसभर लॅपटॉपवर कामात असतो, म्हणून २० लिटरचे तीन कॅन रोज मीच आणते. धुणं, सांडपाणी, शौचालयाची बादलीही माझ्याकडेच. थंडी पडल्यापासून खिडक्यांच्या झडपा बंद करून रात्री गॅसची शेगडी बारीक ठेवतो. सकाळी डोकं जड असतं, तरी कॅन घेऊन निघायचं. थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यातून त्याला दुसरी बॅटरी घ्यायचीय. मी टाकीचं नाव काढलं की म्हणतो, ‘पाणी मिळतंय ना, मग?’ दोन आठवडे बहिणीकडे जावंसं वाटतं. ते पळून जाणं होईल का? लोक आधीच म्हणाले होते, यांचं काही टिकणार नाही.*

*— दमलेली*

बाई गं,

तुझ्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी त्या शेगडीचं. ‘सकाळी डोकं जड असतं’ हे तू थकव्याच्या यादीत सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच थांबले. बंद, छोट्या जागेत गॅस जळत राहिला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं, आणि मोकळ्या हवेत गेलं की ती उतरतात, म्हणून माणूस मनावर घेत नाही. झोपेत तर काही कळायच्या आत जीव जातो. आज रात्रीपासून शेगडी बंद. झोपताना खिडकीची एक झडप थोडी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो, तो जमिनीलगत, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आणि दोघांनीही डॉक्टरकडे जाऊन शेगडीचं सगळं सांगा. बॅटरी आणि टाकी दोन्ही थांबू शकतात, हे नाही.

शेगडीने ओलही वाढते. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन घरातच राहतं, वर दोघांचे श्वास. मी स्वतः दोन हिवाळे अशा घरात काढलेत. एका सकाळी गादीचा कोपरा उचलला, तर खालची फळी भिजून काळी पडलेली आणि गादीच्या पोटाला बुरशीचे मिरीएवढे ठिपके. तीन महिने मी त्यावर झोपत होते. तूही आज गादी उचलून बघ. खाली लाकडी पट्ट्या ठोकून हवा खेळायला जागा ठेव. ऊब हवीच असेल तर धूर आणि वाफ नळीने बाहेर टाकणारा हीटर घ्या, नाहीतर जाड पांघरुणं आणि गरम पाण्याची पिशवी बरी.

आता तुझं पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. तीन कॅन म्हणजे रोज ६० किलो. पाच महिन्यांचे दीडशे दिवस धरले तर नऊ हजार किलो, म्हणजे नऊ टन पाणी तुझ्या हातांनी त्या ट्रेलरमध्ये आलं. हा आकडा मी रागाने लिहीत नाहीये. तुझ्या घरात तो कुणीच मांडलेला नाही म्हणून लिहितेय. विजेचा हिशोब मोजता येतो: किती तयार झाली, किती उरली, बॅटरी किती टक्के. पाण्याचा हिशोब फक्त तुझ्या खांद्याला कळतो. शहरात नळ सोडला की पाणी यायचं, कारण कुठेतरी पंप चालायचा, कुणीतरी वाहिन्या दुरुस्त करायचं, मैला वाहून जायचा. ती व्यवस्था आपण सोडली, तिचं काम मात्र उरलं आणि ते गुपचूप तुझ्याकडे आलं. तुझा नवरा वाईट माणूस आहे असं मला पत्रातून वाटलं नाही. त्याला ते दिसत नाही, इतकंच. पण न दिसण्याचीही मुदत असते, आणि पाच महिने पुष्कळ झाले.

म्हणून भांडू नकोस, मोजमाप दाखव. आठ दिवस एक वही दाराशी टांग. कॅन आणला की रेघ, बादली रिकामी केली की रेघ, धुण्याला लागलेला वेळ, कुणी केलं ते. त्याचंही लिही: पॅनल पुसले, वायर तपासली, तो कमावतो ते तासही. आठव्या दिवशी दोघांनी बसून वही वाचायची. ‘तू काहीच करत नाहीस’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते ऐकलं की माणूस वही बघायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

पैशांचं माझं मत स्पष्ट आहे, आधी पाणी. आणि हे त्याला त्याच्याच भाषेत सांगता येईल. दुपारी बॅटरी पूर्ण भरली की पॅनलवर पडणारं ऊन फुकट जातं, कारण वीज साठवायला जागाच नसते. तीच वीज दुपारी पंपाला द्यायची आणि पाणी टाकीत चढवायचं. हजार लिटर पाणी १० मीटर उचलायला हिशोबाने ३० वॉट-तासांहून कमी ऊर्जा लागते. पाइपातलं घर्षण आणि पंपाची तूट धरून चौपट केलं, तरी त्याचा लॅपटॉप दोन-तीन तास चालेल एवढीच. टाकी हीच तुमची दुसरी बॅटरी. शेजाऱ्यांना विचारून विहिरीपासून पाइप टाकता आला तर उत्तम. पंपही दोन-चार दुकानांत दाखवून, अंतर आणि चढ सांगून निवडा. हे होईपर्यंत निदान दोन चाकांची हातगाडी आणा, तिन्ही कॅन एका खेपेत येतील, आणि खेप एक दिवस तुझी, एक दिवस त्याची.

पाऊस पडतो तेव्हा छपराला पन्हळ लावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ट्रेलर सहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद असेल तर १० मिलिमीटर पावसात दीडशे लिटर. पहिलं पाणी छपराची धूळ घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. उरलेलं धुण्याला, भांड्यांना. टाकी जमिनीवर, पक्क्या ओट्यावर. छपरावर ठेवू नका, हजार लिटर म्हणजे एक टन, ट्रेलरचा सांगाडा त्यासाठी नसतो.

बॅटरीबद्दल एवढंच. शिशाची असेल तर ती रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. आधी आहे ती कशी वापरताय ते बघा, मग दुसरी घ्या.

बहिणीकडे जा. नक्की जा. पळून जाणारी बाई परवानगी विचारायला मला पत्र लिहीत नाही. आणि ‘लोक म्हणाले होते’ हे मनातून काढ. स्वप्न तुझंही होतं म्हणून त्यातलं न झेपणारं काम सोसत राहिलंच पाहिजे, असं कुठे ठरलंय? दोन आठवड्यांनी तुला परत यावंसं वाटलं तर त्याच अटींवर येऊ नकोस. नाही वाटलं तर त्याला तोंडावर सांग, चिठ्ठी ठेवून नको.

निघताना कॅन भरून ठेवू नकोस. वही दाराशी टांगलेलीच राहू दे, रेघा तो ओढेल. आणि अलार्म लागल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नकोस, कारण त्या दोन आठवड्यांत तो तिथे एकटाच झोपणार आहे.

तुझी,
ताई