कोरोनामुळे वकिलीच्या बार परीक्षेत नेमकं काय बदललं? अमेरिकेत परीक्षाच माफ केली होती का?

हो, पण मोजक्याच ठिकाणी. 2020 मध्ये युटा, वॉशिंग्टन, ओरेगन, लुईझियाना अशा काही राज्यांनी पात्र विधी पदवीधरांना परीक्षेविना सनद दिली. अनेक राज्यांनी ऑक्टोबरमध्ये घरबसल्या ऑनलाइन परीक्षा घेतली.

आपल्याकडे माफी नव्हती, ऑनलाइनही नाही. अखिल भारतीय बार परीक्षा केंद्रावर, कागदावरच राहिली. फक्त तारखा सरकत गेल्या. पंधरावी 24 जानेवारी 2021 ला झाली, सोळावी पुढे जात जात 31 ऑक्टोबर 2021 ला. कोल्हापुरातल्या नव्या वकिलांना हे फार जड गेलं असणार. आधीच कोर्टं जेमतेम चालू, सीनिअरकडेच काम नाही, तिथं ज्युनिअरला कोण विचारणार!

खरा बदल सोळाव्या परीक्षेपासून आला, आणि तो कोरोनामुळे नव्हे: पुस्तकं, गाइड, नोट्स नेणं बंद, फक्त टीपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे कायद्याचा निव्वळ मूळ मजकूर) चालतात. मला हा निर्णय योग्य वाटतो. शेवटच्या वर्षाला असाल तर आत्तापासूनच बेअर अ‍ॅक्ट वाचा. कलम कुठं आहे हे हाताला माहीत हवं. पेपर मराठीतूनही देता येतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका.