डेंग्यूत वडिलांच्या प्लेटलेट्स २२ हजारांवर आल्यात, मिरजेत ॲडमिट आहेत. लगेच चढवाव्या लागतील का?

फक्त आकडा बघून घाबरू नका. डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पोटात जोरात दुखणं यांपैकी काही दिसलं तर मात्र आकडा कितीही असो, लगेच डॉक्टरांना सांगा. निर्णय त्यांचाच.

चढवायच्या ठरल्याच, तर पिशवी ब्लड बँकेतून आणल्यावर फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवतात आणि जेमतेम ५ दिवस टिकतात. म्हणूनच कधी कधी सांगलीभर फिरावं लागतं. एका दात्याकडून मशीनवर काढलेली पिशवी (एसडीपी) साध्या चार-सहा पिशव्यांचं काम करते, पण महाग पडते.

चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसाच. माझ्या आईला मध्येच हुडहुडी भरली होती. नर्सला हाक मारली, त्यांनी लगेच थांबवलं, म्हणून निभावलं. थंडी, ताप, अंगावर गांधी, धाप, काहीही वाटलं तरी वडिलांनी लगेच बोलायला हवं. आपली माणसं "उगाच कशाला त्रास" म्हणून गप्प बसतात. त्यांना आधीच बजावून ठेवा.