खडखडीसाठी सहा लाखांचं कर्ज?

प्रश्न : आमची २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. दोन महिन्यांपूर्वी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, १४ हजार गेले, खडखड तशीच. आता गॅरेजवाले स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलायला सांगतात, ३२ हजार. यजमान म्हणतात, ही विकून टाकू, ६ लाख कर्ज काढून नवी घेऊ. महिन्याला १५ हजार उरतात, त्यातले ८ हजार एसआयपीत जातात. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ते १४ हजार विसरा. 'एवढे घातले, आता सोडायची कशी' आणि 'एवढे घालूनही तेच, आता विकूनच टाकू' हे दोन्ही एकाच रागातून येतं.

यजमानांचा हिशोब बघू. ६ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये आणि एकूण व्याज दीड लाखाच्या वर. हप्ता भरून उरतील २,४०० रुपये. म्हणजे एसआयपी बंदच. शिवाय नव्या गाडीचा विमा जड. त्यापुढे ३२ हजार म्हणजे जेमतेम अडीच हप्ते. नुसत्या आवाजापायी गाडी बदलणं मला पटत नाही.

पण म्हणून ३२ हजार देऊन टाका, असंही नाही. शॉकअप अंदाजाने बदलले, आता रॅकही अंदाजानेच? माझ्या गाडीत शॉकअप नवे घातले आणि त्यांना वरून गाडीशी जोडणारे रबरी माउंट जुनेच ठेवले होते. महिनाभर टकटक ऐकली, मग बिल नीट वाचलं. तुम्हीही काढा बिल. माउंट आणि त्याखालच्या बेअरिंगची नोंद नसेल, तर संशय तिथूनच सुरू करा. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर स्प्रिंग 'टण्ण' वाजत असेल, तर बेअरिंग अडकतंय किंवा स्प्रिंग खोबणीत नीट बसलेली नाही. बारीक खड्ड्यांवर टकटक असेल, तर लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी सळई) बघायला सांगा. तो स्वस्त भाग आहे, आणि शॉकअप काढताना बऱ्याच गाड्यांत सोडवावाच लागतो, त्यामुळे नट सैल राहिलेला असू शकतो. रॅकवर संशय असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं. आवाज तिथून येतोय की नाही, हात लावून कळतं.

तेव्हा दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासणीचे वेगळे पैसे द्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर चक्कर मारा. शॉकअपनंतर चाकांचं अलाइनमेंट झालं होतं का, हेही विचारा. नसेल तर टायर एका कडेने झिजतील, आणि तो खर्च पुढे वेगळाच उभा राहील. विम्याची आशा नको. झिजलेले भाग त्यात बसत नाहीत.

लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, खरंच फाटलेले निघाले, तर बदला. आवळताना शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायला सांगा, नाहीतर नवे बुशही लवकर फाटतात.

विकायची वेळ माझ्या मते एकाच स्थितीत येते : तपासणीत सांगाडाच वाकलेला किंवा गंजलेला निघाला तर. नाहीतर २०३०पर्यंत नोंदणी आहेच. पुढच्या गाडीसाठी एसआयपीला हात न लावता उरलेल्या ७ हजारांतले ५ हजार दरमहा आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत मुद्दलच १ लाख ८० हजार होते, तेवढंच कर्ज कमी. आणि हो, या वेळी काढलेले जुने भाग डिकीत टाकून घरी आणा.