स्वयंपाकघर नव्यानं करताय? फोटोंआधी टेप घ्या

मोबाइलवर आवडलेल्या स्वयंपाकघरांचे फोटो जरूर साठवा, पण त्याआधी आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर काढा. भिंती, खिडकीच्या कठड्याची उंची, नळ, सांडपाण्याचा पाइप, स्विचबोर्ड, सगळं इंचात. फोटोतली खोली बहुधा मोठी असते. माप हाताशी नसेल तर न बसणारंच आवडत राहतं.

प्रत्येक फोटोखाली नेमकं काय आवडलं ते लिहा: रंग, ट्रॉलीची रचना की उजेड? नाहीतर सुताराला पन्नास फोटो दाखवूनही त्याला काही कळत नाही.

ओट्याची उंची फोटोवरून कधीच ठरवू नका. रोज स्वयंपाक करणाऱ्यानं ताठ उभं राहून कोपर वाकवावं, जमिनीपासून कोपरापर्यंतच्या मापातून चार ते सहा इंच वजा करावेत. आपल्याकडे ज्वारीची भाकरी थापायची असते, वरून जोर द्यावा लागतो, म्हणून सहा इंचांकडे झुका. ओटा उंच झाला की खांदे भरून येतात.

सांगलीत हळद घराघरात. पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यात साधा सिमेंटचा ग्राउट भरला तर तो पिवळा पडतो. इपॉक्सी (रेझिनचा) ग्राउट महाग, पण डाग शोषत नाही. फोटोत हे दिसत नाही.

कृष्णाकाठी तळमजल्यावर राहत असाल तर २००५ आणि २०१९चा पूर आठवा. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेले) पाण्यानं फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. खालच्या कप्प्यांना कडाप्पा आणि स्टीलच्या ट्रॉल्याच बऱ्या. प्लायवूड हवंच असेल, तर आयएस ७१० (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) शिक्का बघून घ्या.